दाताळीचं बाळंतपण

दुकानदार म्हणाला, "चेरी झिंगेच आहेत साहेब. अजून लहान आहेत. रंग मागाहून चढतो."

पिशवीत सहा पारदर्शक जीव होते. इतके पारदर्शक, की सहा आहेत हे त्याच्या शब्दावरच मानावं लागलं. चेरी झिंगे लालभडक असतात हे मला ठाऊक होतं. पण आंबाही आपण हिरवाच आणतो आणि अढीत पिकवतो, तेव्हा म्हणणं पटलं. तीन महिने मी लालीची वाट पाहिली. त्यांनी टाकीतलं शेवाळ चाटूनपुसून साफ केलं, अंगाने चांगले वाढले, पण रंग काही चढेना.

("खायचे कधी?" हा प्रश्न आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारून झाला आहे. वाचकांनी नव्याने तसदी घेऊ नये.)

मत्स्यटाक्यांचं वेड असलेल्या एका मित्राने फोनवरून घाबरवलं. "नदीतले झिंगे गळ्यात मारले असतील. मोठे झाले की लांब नांग्या फुटतात. रात्री तुझे गप्पी खातील." झालं. रात्री अडीचला टॉर्च घेऊन नांग्यांची तपासणी सुरू झाली. नांग्या आखूड निघाल्या. टोकाला केसांचे झुपके, आणि त्या झुपक्यांनी मंडळी काचेवर अखंड झाडलोट करत होती. म्हणजे खुनी नव्हते. पण मग कोण?

झिंग्याची ओळख पटवायची तर त्याच्या माथ्यावरच्या करवतीसारख्या काट्याचे दात मोजावे लागतात. आता जिवंत झिंग्याला "जरा तोंड इकडे कर, दात मोजतो" हे कोणत्या भाषेत सांगायचं? ती अडचण त्यांनीच सोडवली. एका सकाळी टाकीच्या तळाशी एक जण निपचित दिसला. ही म्हणाली, "गेला हो." आईने सुतक लागतं का, अशी चौकशी केली. मी चिमट्याने उचलला तर नुसतं टरफल, आत कोणीच नाही. मालक कात टाकून, मऊ अंगाने फिल्टरमागे दडून बसले होते. तेव्हापासून कुंकवाच्या एका रिकाम्या डबीत काती जमू लागल्या. आईने ती डबी सवयीने उघडली आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. चूक माझीच होती, डबी देवघरात ठेवायला नको होती.

भिंगाखाली वरच्या कडेचे दात तीनदा मोजले. एकवीस, बावीस, एकवीस. शिवाय कुशीवर नरांना टिंबं आणि माद्यांना रेघा, जशी काही तारच आली आहे. सगळं जुळवल्यावर नाव निघालं: कॅरिडिना मल्टिडेंटाटा. म्हणजे पुष्कळ दातांची. आपल्याकडे सरळ दाताळी म्हणतील. हे नाव 1860 चं. पुढे 1892 मध्ये दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने तिचं 'जॅपोनिका' म्हणून पुन्हा बारसं केलं, आणि ही दोन नावांची बाई एकच आहे हे 2006 साली ठरलं. एकशेचौदा वर्षं. रेशनकार्डावरचं आईचं नाव त्याआधी दुरुस्त झालं, पण थोडक्यात. दुकानात मात्र तिला 'आमानो' म्हणतात, कारण शेवाळ खायला तिला टाकीत ठेवायची चाल जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो यांनी पाडली.

आमानो चेरीपेक्षा महाग असतो. म्हणजे दुकानदाराने मला फसवलं ते पदरमोड करून.

इथे थांबलो असतो तर सुखी झालो असतो. पण नाव कळलं आणि त्याच आठवड्यात एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली. चेरीची मादी पंचवीस-तीस ठळक अंडी धरते, आणि त्यांतून बाहेर पडतात ते थेट चिमुकले झिंगे. दाताळीची अंडी हजाराच्या वर, खसखशीहून बारीक. एवढ्याशा अंड्यातून पुरता झिंगा कसा निघणार? निघते ती अळी. जपान-तैवानच्या ओढ्यांत ती प्रवाहाबरोबर वाहत समुद्रात जाते, खाऱ्या पाण्यात वाढते आणि झिंगा होऊन पुन्हा ओढा चढते. गोड्या पाण्यातच राहिली तर थोड्या दिवसांत मरते. उलट आईला खाऱ्यात ठेवलं तर आई मरते. थोडक्यात, बाळंतीण सासरी आणि पोरं आजोळी.

आणि मी राहतो पुण्यात.

घरातलं मीठ चालत नाही. समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. तयार सागरी मिठाची किंमत ऐकून ही म्हणाली, "त्यापेक्षा समुद्रच आणा." ती उपरोधाने म्हणाली होती. मी रविवारी हर्णैच्या मावसबहिणीकडे गेलो आणि दापोलीहून वीस लिटरचा कॅन घेऊन परतीच्या एसटीत चढलो.

"काय आहे यात?" कंडक्टरने विचारलं.

"समुद्राचं पाणी आहे, मास्तर."

मागच्या सीटवरच्या आजींनी तीर्थ समजून हात पुढे केला. कंडक्टर मात्र अनुभवी होता. त्याने झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "घ्या बघू एक घोट."

मी घेतला. सगळी गाडी बघत होती. माझा चेहरा पाहून त्याची खात्री पटली. दारू पिऊन कोणी असं तोंड करत नाही.

"कशाला पाहिजे पण?"

"पिल्लांसाठी."

"कुणाच्या?"

"झिंग्यांच्या."

त्याने तिकीट दिलं, आणि महाड येईपर्यंत माझ्या बाजूला फिरकला नाही.

अंडी फुटली ती रात्री. दोन मिलिमीटरच्या अळ्या डोकं खाली करून पाण्यात लटकत होत्या. कोपऱ्यात टॉर्च धरला की सगळ्या उजेडाकडे धावतात. तिथून नळीने ओढून खाऱ्या बरणीत घ्यायच्या. मी आणि मुलगा पहाटे चारपर्यंत ओढत होतो. पुढे महिनाभर बरणीवर दिवा चोवीस तास पेटता आणि बाल्कनीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या, कारण बाळांना जिवंत शेवाळच लागतं. आई त्या दिव्याला जाता-येता हात जोडू लागली. "पाणी शुद्ध राहतं" म्हणून तिने तांब्याचा हंडाही पुढे केला. तांबं झिंग्यांना विष असतं हे सांगितल्यावर "असले कसले जीव बाई" म्हणत हंडा परत माळ्यावर गेला.

मग आला गुरुवार. दुरुस्तीसाठी लाईट गेली, पंप बंद. सकाळी दहा ते दुपारी चार आम्ही पाळीपाळीने स्ट्रॉने बरणीत फुंकर घालत होतो. हिची पाळी दीड ते अडीच. त्या तासाबद्दल ती अजून काही बोललेली नाही.

हजारांचे दोनशे झाले, दोनशांचे चाळीस. एकेचाळिसाव्या दिवशी उरलेल्यांनी लटकणं सोडून आडवं व्हायला आणि काचेला धरून बसायला सुरुवात केली. हळूहळू गोड्या पाण्यात आणून मोजले. मी म्हणालो अकरा. हिने माझ्या हातातला टॉर्च घेतला. "बारा आहेत. तो दगडामागचा धरलाच नाहीत तुम्ही."

त्याच सुमारास दुसऱ्या मादीने अंडी धरली. पुढच्या रविवारी कॅन घेऊन पुन्हा दापोलीच्या स्टँडवर उभा राहिलो. कंडक्टर तोच. कॅनकडे बघून त्याने झाकण उघडायला सांगितलं नाही. मशीनवर पुण्याचं तिकीट काढता काढता म्हणाला, "किती जगली?"