फ्रँकफर्टची शर्यत घाबरून रद्द केली, हे खरं नाही

२०२६ च्या जानेवारीत 'पुणे ग्रँड टूर' ही सायकल शर्यत झाली आणि कोल्हापूरच्या सायकलवाल्यांत एक जुनं प्रकरण पुन्हा फिरायला लागलं. मेसेज थोडक्यात असा : "२०१५ साली जर्मनीत एका घरात एक पाईप बॉम्ब सापडला, तेवढ्यावरून जगप्रसिद्ध सायकल शर्यत आदल्या दिवशी रद्द केली. पुढं कोर्टात कट सिद्धही झाला नाही. पोलीस वाढवून शर्यत घेता आली असती. टूर द फ्रान्स कधी थांबते का? कोल्हापुरात असती तर झालीच असती, नाद नाय करायचा." हा मेसेज चांगले, जाणते रायडर पुढं ढकलत आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"एका पाईप बॉम्बवरून." नाही. १ मे रोजी होणारी ही एश्बोर्न-फ्रँकफर्ट शर्यत. त्याआधी काही आठवडे एका जोडप्यानं खोट्या नावानं तीन लिटर हायड्रोजन पेरॉक्साईड विकत घेतलं. स्फोटकांसाठी वापरता येणारं हे रसायन एवढं कशाला लागतं, असा संशय दुकानातल्या लोकांना आला आणि त्यांनी पोलिसांना कळवलं. पोलिसांनी पाळत ठेवली. त्यात तो माणूस शर्यतीच्या मार्गावर फिरताना दिसला, असं तपास यंत्रणांनी तेव्हा सांगितलं. २९ एप्रिलच्या रात्री ओबरउर्सेल गावात त्यांच्या घरावर छापा पडला. पाईप बॉम्बबरोबर शंभरेक काडतुसं आणि लष्करी रायफलचे भाग मिळाले. शर्यत याच ओबरउर्सेलमधून जाणार होती. बॉम्ब, गोळ्या, गाव आणि तारीख एका ओळीत आल्यावर ३० एप्रिलच्या संध्याकाळी शर्यत रद्द झाली. यातलं सगळं गाळून मेसेजमध्ये फक्त पाईप बॉम्ब उरलाय.

"पोलीस वाढवायचे." किती? खासबागेत कुस्ती असेल तर दारं मोजता येतात, आत जाणाऱ्याला तपासता येतं. रोड रेसला दार नसतं. आपला पन्हाळ्याचा रस्ताच बघा. शिवाजी पूल ओलांडला की पुढं दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला ऊस, केर्लीच्या अलीकडं-पलीकडं शेतात उतरणाऱ्या गाडीवाटा, वाघबीळपासून झाडी आणि वळणं. हे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. एका रात्रीत ते कोपरा न कोपरा तपासून सकाळपर्यंत राखायचं म्हटलं तर सबंध जिल्ह्याची पोलीस यंत्रणा लावूनही खात्री देता येणार नाही. तिकडची शर्यत साधारण दोनशे किलोमीटरची, फ्रँकफर्टजवळच्या टाउनुस डोंगररांगेच्या जंगलातून जाणारी. साथीदार बाहेर आहेत का, मार्गावर आधीच काही ठेवलंय का, या दोन प्रश्नांची उत्तरं त्या रात्री कुणाकडंच नव्हती. शिवाय त्याच दिवशी हौशी सायकलस्वारांची राईडही असते. हजारो साधी माणसं.

"कोर्टात कट सिद्ध झाला नाही." हे मात्र खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. २०१६ मध्ये त्या माणसाला अडीच वर्षांची शिक्षा झाली ती बेकायदा शस्त्रं-स्फोटकं आणि बनावटगिरीसाठी. हल्ल्याचा कट शाबित झाला नाही. पण त्यावरून रद्द करण्याचा निर्णय चुकला असं म्हणणं मला पटत नाही. कोर्टाला माणसाला तुरुंगात टाकायचं असतं, म्हणून तिथं संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि मिळायलाच हवा. आदल्या रात्री निर्णय घेणाऱ्यानं तो फायदा रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या माणसाला द्यायचा असतो. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ फुटांना धोका. आंबेवाडी-चिखलीतली माणसं-जनावरं पाणी दारात यायच्या आधी हलवतात. एखाद्या वर्षी पाणी तिथंच थांबतं, उतरतं. तेव्हा "उगाच हलवलं" म्हणून आपण तहसीलदाराला भित्रा म्हणत नाही. २०१९ चा महापूर पाहिलेला माणूस तर नाहीच म्हणणार.

"टूर थांबत नाही." १४ जुलै २०१६ ला फ्रान्समधल्या नीसमध्ये ट्रक गर्दीत घालून ८६ माणसं मारली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी टूरची टाइम ट्रायल (एकेकट्यानं घड्याळाशी धावायचा टप्पा) झाली, हे खरं. तो निर्णयही मला योग्यच वाटतो. पण तिथं सरकारी अधिकारी आणि संयोजक सकाळी बसले, बोलले, बंदोबस्त वाढवला आणि मग पुढं गेले. त्या दिवसाच्या मार्गावर बॉम्बवाला पकडलेला नव्हता. मोठ्या शर्यती थांबतातही. सप्टेंबर २०२५ मध्ये व्हुएल्टा या स्पेनच्या मोठ्या शर्यतीचा माद्रिदमधला शेवटचा टप्पा निदर्शक रस्त्यावर उतरल्यामुळं अर्ध्यातच सोडावा लागला. कारण वेगळं, पण रस्ता सुरक्षित राहिला नाही की शर्यत थांबवतात, एवढं त्यातून दिसतं.

फ्रँकफर्टच्या शर्यतीचं नाव खराब झालं, असंही काहीजण जोडतात. २०१६ च्या १ मे रोजी ती झाली, अलेक्झांडर क्रिस्टॉफनं जिंकली, आणि २०१७ पासून ती वर्ल्ड टूरमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यतींत आहे. बस्स.

राहिला "कोल्हापुरात असती तर झालीच असती" हा शेवट. कोल्हापूरच्या हिमतीबद्दल मला शंका नाही, पण ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकते. कारण उद्या इथं मोठी रेस ठरली आणि आदल्या रात्री असाच फोन आला, तर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यावर या असल्या वाक्यांचाच दबाव येणार. तेव्हा रेस भरवणाऱ्यांना आतापासून विचारा : रद्द करायचा अधिकार कुणाचा, किती वाजेपर्यंत, बाहेरगावहून आलेल्या रायडरला निरोप कसा पोचणार, आणि भरलेली फी परत मिळणार का. कोल्हापूर-पन्हाळा रेसच्या माहितीपत्रकात बक्षिसाच्या रकमेच्या वर हे चार मुद्दे छापलेले मला बघायचे आहेत.