वेडा म्हणून अजरामर व्हायचंय?

इतिहासात नाव काढायचं असेल तर पराक्रम वगैरे करत बसू नका. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याचा रस्ता धरा. राज्य केलं १३२५ ते १३५१, पण आजही पालिकेनं भलत्याच जागी गतिरोधक घातला की मथळा ठरलेला: ‘तुघलकी कारभार’. एवढी रोजची प्रसिद्धी अकबरालाही लाभली नाही.

आधी लिहिणाऱ्यांची सोय करा. म्हणजे त्यांना दुखवा. इतिहासकार इसामीच्या नव्वदीतल्या आजोबांना दिल्लीहून दौलताबादला पिटाळा. म्हातारा वाटेतच जाईल, आणि नातू तुमचा इतिहास लिहील तो तुमच्याविरुद्धच्या बंडातून गादीवर आलेल्या बहमनी सुलतानासाठी. दुसरा इतिहासकार बरनी, त्याला मात्र सतरा वर्षं दरबारात पोसा. तुमच्यामागे तो कफल्लक होईल आणि नव्या सुलतानाची मर्जी मिळावी म्हणून लेखणी उचलेल. झाला तुमचा निःपक्षपाती इतिहास.

मग राजधानी हलवा. दक्षिण मुठीत ठेवायची तर मधलं ठाणं हवं, म्हणून १३२७ मध्ये देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, निवडली. दुसऱ्या कुणी निवडली असती तर मुत्सद्देगिरी ठरली असती. बरनी म्हणतो, दिल्लीत कुत्रं-मांजरही उरलं नाही. दिल्लीजवळच्या सरबनचा १३२८ चा संस्कृत शिलालेख मात्र तोमरांनी वसवलेल्या दिल्लीचा आणि स्वर्गासारख्या हरियाणा देशाचा गौरव करतो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीत पोचला १३३४ मध्ये, म्हणजे सगळं उरकल्यावर सात वर्षांनी. त्यानं ऐकीव गोष्ट लिहिली: एका आंधळ्याला फरफटत नेलं आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला. आता सांगा, शिलालेख लक्षात राहतो की पाय?

नाण्यांचा प्रयोग तर चुकवूच नका. तांब्या-पितळेचं नाणं चांदीच्या टंक्याच्या भावात चालवायचं. (तुमच्या खिशातल्या पाचशेच्या नोटेचा कागद केवढ्याचा, हे तूर्त विसरा.) चीनमध्ये कुबलाई खानानं नुसता कागद चालवला होता. तुघलकाचं चुकलं ते नकली नाणी रोखण्यात; घराघरात टांकसाळ निघाली. पण खरा वेडेपणा पुढेच आहे. नाणी मागे घेताना त्यानं बदल्यात खजिन्यातलं खरं सोनं-चांदी मोजून दिलं. सरकारनं शब्द पाळला! असला माणूस शहाणा म्हणवून कसा घेणार?

एक धोक्याची सूचना. नुसत्या क्रौर्यावर विसंबू नका. बंडखोर आतेभावाला जिवंत सोलून त्याच्या कातड्यात पेंढा भरून ती मुलूखभर फिरवली, तरी त्यापायी त्याला कुणी वेडा म्हणत नाही. ते राजेपणातच धरतात. वेडा ठरला तो तांब्याच्या नाण्यांनी.

स्मारकाचंही बघून ठेवा. बीड जिल्ह्यात कर्जनीला त्याच्या पडलेल्या दाताची कबर दाखवतात. माणूस पुरलाय दिल्लीत, दात बीडला. बदली तेवढी अर्धवट राहिली.