चार मिनिटं आणि तीन शेंगदाणे

परभणीत आम्ही सात-आठ जण पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालतो. त्यातले एक काका, बँकेतून रिटायर झालेले, आठ दिवस दिसलेच नाहीत. भाजीबाजारात गाठ पडली तेव्हा म्हणाले, "सर, चालणं सोडलं. घरीच चार मिनटं करायलोय. जपानी पद्धत हाय, पाठवतो तुम्हाला." पाठवायची गरज नव्हती. तो मेसेज तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आलेलाच होता.

मेसेजात थोडक्यात असं आहे : तासभर चालून नुसते गुडघे झिजतात. जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की २० सेकंद जीव तोडून व्यायाम, १० सेकंद आराम, असं ४ मिनिटं केलं की तासाभराचं काम होतं. त्यानंतर २४ तास चरबी जळत राहते, महिन्यात पोट सपाट, हृदय पोलादी. वयाची अट नाही.

मी शाळेत खेळाचा मास्तर. या पद्धतीशी माझं वाकडं नाही. पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरसाठी चारशेचे राऊंड मारतात, मध्ये दम खातात, पुन्हा मारतात. हे तेच आहे. १९५२ला हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं, त्याच ऑलिंपिकात चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन तिन्ही मारल्या. त्याचा सरावही चारशेच्या राऊंडांचाच. म्हणजे पद्धत जुनी आणि खणखणीत आहे. खोट आहे ती मेसेजात.

आधी तो जपानी प्रयोग. इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांनी तो १९९६ साली छापला. त्यात होती शारीरिक शिक्षणाची तरणी, खेळणारी पोरं, जोरकस गटात फक्त सात. सायकल प्रयोगशाळेतली. जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरून शरीराला जेवढा जोर झेपतो, त्याच्या जवळपास पावणेदोनपट जोर लावायचा, तो २० सेकंद. असे सात-आठ झटके झाले की पोरगं पार गळून गेलं पाहिजे; पायडलचा वेग ठरल्याखाली आला की खेळ खलास. आणि त्याआधी दहा मिनिटं अंग गरम करणं होतं, ते मेसेजवाल्यानं गाळलं. सहा आठवड्यांनी या गटाचा दम वाढला, ऑक्सिजनशिवायची ताकद २८ टक्क्यांनी वाढली. तासभर बेतानं सायकल मारणाऱ्या दुसऱ्या गटाचाही दम वाढला, थोडाच कमी. त्यांची ती दुसरी ताकद मात्र वाढली नाही. प्रयोगात मोजलं ते एवढंच. चरबीचा तिथं प्रश्नच नव्हता. काका टीव्हीसमोर सतरंजीवर चार मिनिटं उड्या मारतात, त्याला ताबातांचं नाव देणं म्हणजे अंगणात पोहण्याचे हात करून गोदावरी पार केली म्हणण्यासारखं.

आता २४ तास जळणारी चरबी. यात खऱ्याचा एक कण आहे. जोराच्या व्यायामानंतर शरीर काही वेळ जादा ऑक्सिजन ओढतं, जादा ऊर्जा खर्च करतं. प्रश्न किती, हा आहे. अभ्यासांचा आढावा सांगतो, व्यायामात जेवढी खर्च झाली तिच्या ६ ते १५ टक्के. चार मिनिटांत साधारण माणसाच्या फार तर ५०-६० कॅलरी जातात. त्याचे १५ टक्के धरा, आठ-नऊ झाल्या. तीन शेंगदाणे. भाकरीवर चटणी घेताना चमच्यातून जेवढे खाली सांडतात तेवढे. ७० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात आणि एक किलो चरबीत सात हजारांवर असतात, त्यामुळे चालणाऱ्यानंही फार उडू नये. जोरकस आणि बेताचा व्यायाम शेजारी ठेवून पाहिलेल्या अभ्यासांत चरबी दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरते. जोरकसवाल्यांचा वेळ वाचतो, हा फायदा खरा. बाकी हिशोब ताटात आहे.

नुसतं पोटच कमी करणारा व्यायाम अजून निघालेला नाही; चरबी कुठून आधी उतरायची ते शरीर ठरवतं. आणि घाम म्हणजे वितळलेली चरबी असती, तर मे महिन्यात परभणीत एकही ढेरी उरली नसती.

गुडघ्यांवर वेळ घालवत नाही. साध्या चालण्यापेक्षा, जाड शरीरानं फरशीवर मारलेली उडी गुडघ्याला जास्त महागात पडते.

मला राग आला तो "वयाची अट नाही" यावर. जोराच्या व्यायामानं हृदयाला फायदा होतो, याबद्दल दुमत नाही. नॉर्वेत ट्रोंडहेमच्या संशोधकांनी हार्ट अटॅकनंतर हृदय कमजोर झालेल्या, पंचाहत्तरीच्या माणसांकडून चार-चार मिनिटांचे चार जोरकस टप्पे करून घेतले, आणि २००७ साली फार चांगले निकाल छापले. पण ते देखरेखीखाली होतं आणि रुग्ण होते सगळे मिळून २७. पुढे २०१७ साली अनेक दवाखान्यांत मिळून २६१ रुग्णांवर पाहिलं, तेव्हा जोरकस गट बेताच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. त्याआधीची, १९९३ची अमेरिकेतली पाहणी तर प्रत्येक चाळिशीपुढच्या माणसानं ऐकावी. एरवी बसून असणाऱ्यानं एकदम जड मेहनत केली, तर त्या तासाभरात हार्ट अटॅकची शक्यता शंभरपटीवर जाते. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यात ती वाढ अडीचपटीच्या आत असते. एका तासाची जोखीम मुळात बारीक असते, म्हणून घाबरून खाटेवर बसू नका. पण बीपीची गोळी चालू आहे, शुगर आहे, जिना चढताना छाती भरून येते, अशा माणसाला डॉक्टरला न विचारता जीव तोडायला सांगणं मला गुन्हा वाटतो. आपल्याकडे पहिला अटॅक पाश्चात्त्यांपेक्षा लवकर येतो, हे वेगळंच. त्यात दुपारी ४२-४३ अंशांत पत्र्याखाली हा उद्योग करणारेही मी पाहिलेत.

जपानच हवा असेल तर तिथलंच दुसरं काम घ्या. शिन्शू विद्यापीठाच्या लोकांनी साठीच्या आसपासच्या माणसांना तीन मिनिटं झपाझप आणि तीन मिनिटं सावकाश असं आलटून-पालटून चालवलं. पाच महिन्यांनी मांड्यांची ताकद वाढली, दम वाढला, वरचं बीपी उतरलं. याचा मेसेज मला मात्र कुणी पाठवला नाही, त्याला अर्धा तास लागतो ना.

काका डॉक्टरांना दाखवून सोमवारपासून परत आलेत. घड्याळाऐवजी आम्ही विजेचे खांब धरलेत : आठ खांब झपाझप, आठ सावकाश. झपाझपमध्ये एखादं वाक्य बोलता यावं, पण गप्पा मारता येऊ नयेत, असा वेग सांगितलाय. काकांचं घोडं तिथंच अडतं. पाचव्या खांबाला त्यांना बँकेतला किस्सा आठवतो, आणि तो सांगायला ते थांबतात.