मास्तरांचे खाडे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात भांडण पेटलं, ते एका मेसेजवरून. ताई कोथरूडला राहते. भाच्याला पेटी शिकवायला आठवड्यातून एकदा एक सर घरी येतात. तिशीतला मुलगा आहे, चांगल्या चांगल्या गायकांच्या साथीला बसतो. त्यांनी जूनपासूनचे नियम सगळ्या पालकांना लिहून पाठवले. महिन्याला तीन हजारांऐवजी चार हजार. बाराही महिने तेवढेच, दिवाळी आणि मे महिन्यासकट. तुम्ही आयत्या वेळी नाही म्हणालात तर तो तास झाला असं धरणार. माझा कार्यक्रम असेल तर मी आधी कळवीन आणि तास भरून देईन.

ताईने तो मेसेज जसाच्या तसा ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हे सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल नाही, आमच्या पेटीच्या सरांचं आहे."

मग काय विचारता! काकांनी विद्यादानाचा बाजार झाल्याचं जाहीर केलं. आत्येभाऊ म्हणाला, ही काय जिमची मेंबरशिप आहे का? मामीचा प्रश्न रोकडा होता: मुलगा मे महिनाभर गावाला, मग पैसे कशाचे? एका वहिनीने निम्म्या पैशांत शिकवणारं ॲप सुचवलं. ताईचं खरं दुखणं वेगळंच. भाचा आठवीत आहे. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे त्याआधी गांधर्व मंडळाची मध्यमा ही परीक्षा उरकायची आहे. आणि सर महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या मैफलीला परगावी असतात.

मला कोणी विचारलं नव्हतं. तरी मी लिहिलं, "सरांचं बरोबर आहे." त्यावर काका: "तुला युरोत पगार आहे, तुला काय!"

ग्रुपवर मी तेवढ्यावर गप्प बसले. इथे बसत नाही.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात गेली चौदा वर्षं राहते. इथल्या गाड्यांच्या कारखान्यांमुळे पुण्याची निम्मी माणसं इथे येऊन पडली आहेत, त्यातलेच आम्ही. लेक नऊ वर्षांची. तिला चेलो, म्हणजे बसून वाजवायचं ते व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, शिकायचा होता, का ते तिलाही सांगता येत नाही. भाड्याने अर्ध्या मापाचा चेलो आणला आणि एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या बाई शिकवायला घरी येऊ लागल्या. सोमवारी येतात, कारण सोमवारी त्यांच्या ऑर्केस्ट्राला बहुधा सुट्टी असते.

पहिल्या दिवशी त्यांनी वाद्याला हातही लावला नाही. लेक सराव कुठे करणार ते दाखवा म्हणाल्या. आम्ही कौतुकाने तिची चाकांची खुर्ची दाखवली. बाईंनी ती ढकलून बाजूला केली, घरभर फिरल्या आणि स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचलून आणलं. तिला त्यावर बसवून गुडघे आणि जमीन यांच्यातलं अंतर बघितलं, स्टुलाच्या मागच्या पायांखाली दोन पुठ्ठे सारले. खालचा गालिचा गुंडाळायला लावला, आवाज गिळतो म्हणून. चेलोच्या बुडाशी जो टोकदार गज असतो, त्याने घरमालकाच्या लाकडी जमिनीला भोकं पडू नयेत म्हणून पिशवीतून भोकं पाडलेला पट्टा काढला आणि तो स्टुलाच्या पायाला अडकवला. पंचेचाळीस मिनिटांतली तीस यात गेली. मला वाटलं, पैसे वाया गेले. आता कळतं, शिकवायला घरी का यायचं याचं उत्तर त्या तीस मिनिटांत होतं. क्लासात मूल वाजवताना दिसतं. ते उरलेले सहा दिवस कुठे आणि कसं बसणार, हे दिसायला त्याच्या घरीच यावं लागतं.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी करार पुढे ठेवला. वर्षाचे ३८ तास, शाळेच्या सुट्ट्या वगळून. तासाचे ४५ युरो, येण्याजाण्याचा खर्च त्यातच. एकूण रकमेचे बारा सारखे हप्ते, महिन्याला १४२ युरो ५० सेंट. ऑगस्टमध्ये बाई दिसतही नाहीत, हप्ता मात्र जातो. आम्ही तास बुडवला तर तो गेला. त्यांचा प्रयोग किंवा दौरा आला तर तास भरून देतात. थोडक्यात, ताईच्या सरांनी लिहिलं तेच, फक्त जर्मनमध्ये. आणि आम्ही दोघांनी मुकाट्याने सह्या केल्या. जर्मनीत करार आला की आपण सही करतो. कोथरूडला तोच आला की अपमान वाटतो.

शिकवणीचा करार इथल्या कायद्यात सेवेचा करार मानतात. शिकवणाऱ्याने नीट शिकवणं एवढंच देणं लागतं, निकाल नव्हे. आणि ठरलेल्या वेळी सेवा घ्यायला तुम्हीच हजर नसाल तर पैसे चुकत नाहीत. "दोन वर्षं झाली, अजून एक अख्खा राग बसला नाही" हे वाक्य त्यामुळे इथे कुणाला ऐकवता येत नाही. (मी नवऱ्याला ऐकवते.)

वादनाच्या आवाजाचंही इथल्या वरच्या कोर्टाने बघितलं आहे. आउग्सबुर्गकडच्या एका व्यावसायिक ट्रम्पेटवादकाच्या शेजाऱ्यांनी त्याच्या घरच्या सरावाविरुद्ध आणि शिकवण्यांविरुद्ध दावा लावला होता. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की घरात वाद्य वाजवणं हा नेहमीच्या जगण्याचा भाग आहे, ते साफ बंद करता येणार नाही. ढोबळ मानाने कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी एक ते दोन, दुपारची आणि रात्रीची शांततेची वेळ सोडून. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना हा निकाल आकड्यांसकट पाठ आहे.

पण मला सांगायचंय ते सांगलीचं.

ऐंशीच्या दशकात आमच्या घरी पेटीचे मास्तर यायचे. सायकलवर, मंगळवारी आणि शुक्रवारी. सांगली म्हणजे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे सीतास्वयंवर उभं केलं ते गाव, त्यामुळे संगीत नाटकाची हौस हवेतच. मास्तर नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. आईने त्यांना ठेवलं ते त्याचसाठी. "नाटकात वाजवतात" हे ती शेजारणींना आवर्जून सांगायची.

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर कालनिर्णय टांगलेलं असे. त्यावर दूध आलं नाही त्या तारखेवर 'दू' आणि मास्तर आले नाहीत त्या तारखेवर 'मा'. महिन्याचे चाळीस रुपये, आठ तास, म्हणजे एका 'मा'चे पाच रुपये कापायचे. आम्ही लग्नाला गेलो तरी 'मा'. मे महिना अख्खा 'मा'. मास्तर नाही आले ते बहुतेक वेळा प्रयोगासाठी कोकणात किंवा बेळगावकडे गेलेले असायचे, म्हणून. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्यांना घरी बोलावलं होतं, तिचेच पाच रुपये आम्ही कापत होतो.

खाडा हा शब्द धुण्याभांड्याच्या बाईंसाठी वापरतात, दूधवाल्यासाठी वापरतात. मास्तरांना आम्ही वाकून नमस्कार करायचो, गुरुपौर्णिमेला नारळ आणि शर्टपीस द्यायचो. आणि खाडेही धरायचो. दोन्ही एकाच घरात, एकाच माणसाच्या बाबतीत. आई कंजूष नव्हती. पगार एकट्या बाबांचा होता आणि सगळ्या आळीत तशीच रीत होती.

कॅलेंडरवर काय नव्हतं तेही आठवतं. आमच्या जुन्या पेटीच्या भात्यातून हवा जायची आणि मधला एक सूर चिकटायचा. एका रविवारी मास्तर न बोलावता आले. सोबत सरस आणि चामड्याची पट्टी. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी पेटी खोलली, भात्याला ठिगळ लावलं, चिकटणारा सूर काढून पात्याने इतक्या हलक्या हाताने खरवडला की मी श्वास रोखून बघत होते. तीन तास गेले. मग पोहे खाल्ले, खाताना गुडघ्यावर बोटं वाजवत नाट्यपदाची एक जागा गुणगुणली, मी विचारलं तर तीच दहा वेळा म्हणून दाखवली. आयुष्यात गाण्यातल्या ज्या काही चार हरकती शिकले, त्यातली ती पहिली. त्या रविवारच्या चौकटीत आईने काहीच लिहिलं नाही. जास्तीच्या तासाला आमच्याकडे अक्षरच नव्हतं.

काकांच्या मनातलं विद्यादान हेच असणार. ते खोटं नव्हतं. पण ते मास्तर करत होते, आपण नाही. दान त्यांचं आणि हिशेब आपला.

शिवाय जुन्या काळी गुरू पैशाचं बोलत नसत, हे कुणी पसरवलं कोण जाणे. गायिका केसरबाई केरकरांना जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांनी १९२१ पासून तालीम दिली, ती अटी घालून आणि भरघोस बिदागी ठरवूनच. त्याने ना तालमीला उणेपणा आला, ना केसरबाईंच्या गाण्याला. आणि विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण तर आमच्या शेजारच्या मिरजेचीच सांगतात. एका समारंभाचं आमंत्रण शिष्याला आलं आणि गुरू बाळकृष्णबुवांना आलं नाही, कारण बुवा पडले गवई. ते मनाला लागलेला हा शिष्य पुढे लाहोरला गेला आणि ५ मे १९०१ रोजी त्याने गांधर्व महाविद्यालय काढलं, संस्थानिकाच्या दारात उभं न राहता. ताईला मध्यमेचं प्रमाणपत्र हवं आहे ते पुढे त्यांच्या शिष्यांनी काढलेल्या मंडळाचं.

आता इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. आमच्या गावावरून जाणारी लोकल हेरेनबर्गला संपते. तिथल्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत पियानो शिकवणाऱ्या एक बाई मानधनावर होत्या. शाळेची खोली, शाळेचा पियानो, शाळेची व्यवस्था, पण नोकरी मात्र नाही. प्रकरण वरच्या सामाजिक न्यायालयापर्यंत गेलं आणि २८ जून २०२२ ला निकाल लागला: ही नोकरीच आहे, विम्याचे आणि पेन्शनचे पैसे भरा. देशभरच्या संगीतशाळांच्या हिशेबाला घाम फुटला, इतका की सावरायला मुदत देणारा कायदा करावा लागला. म्हणजे बीथोवनच्या देशातही खाडे धरतच होते, फक्त कॅलेंडर वेगळं. फरक एवढाच, की भांडायला जागा आहे. स्वतंत्र कलाकारांसाठी १९८३ पासून सामाजिक विम्याची वेगळी व्यवस्था आहे. निम्मा हप्ता कलाकार भरतो, उरलेल्या निम्म्यात सरकार आणि कलाकारांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्या. आपल्याकडे वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन आहे, पण ते बोटं थरथरायला लागल्यावर.

आमच्या बाई बरोबर चार वाजता बेल वाजवतात आणि पावणेपाचला चेलो पाठीवर टाकतात. गेल्या हिवाळ्यात लेकीला एक सरगमवजा तुकडा पहिल्यांदा स्वच्छ निघाला, अगदी चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी. मास्तर असते तर तासभर उठले नसते. बाई हसल्या, "छान, सोमवारी इथूनच सुरू करू," म्हणाल्या आणि गेल्या. पुढचं मूल पाच वाजता वाट बघत होतं. चहाला त्या एकदाही थांबलेल्या नाहीत. मला ते अजून खुपतं. पण त्या पंचेचाळीस मिनिटांत त्यांच्या मनात घरभाडं नसतं, हेही मला दिसतं.

सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट आमच्या इथल्या मराठी मंडळींची. आमच्यातली पाचसहा मुलं पुण्यातल्या एका बाईंकडे ऑनलाइन गाणं शिकतात. इथले दुपारचे चार म्हणजे तिकडची संध्याकाळ, वेळ सोयीची. त्यांनी तासाचे पंधरा युरो मागितले तेव्हा आमच्याच एका घरी बैठक झाली. "त्यांचा खर्च तर रुपयातच आहे ना?" चेलोवाल्या बाईंना ४५ देताना आम्ही त्यांचा खर्च कुठे विचारला होता? शेवटी दहावर तोडलं. मीही त्या बैठकीत होते. मीही गप्प बसले, आणि वर ताईच्या ग्रुपवर उपदेश केला.

आता मी म्हणते ते एवढंच. मुलाला शिकवायला वाजवणारा माणूस हवा असेल, तर त्याचं वाजवणंही सोसलं पाहिजे. सर मैफलीला गेले म्हणून बुडालेला तास हा खाडा नाही. त्या मैफलीतूनच तर ते पुढच्या गुरुवारी काहीतरी घेऊन येणार. आणि ते नको असेल, फक्त मध्यमेपर्यंत पोचवणारा हवा असेल, तर वहिनींचं ॲप स्वस्त पडेल, त्यातही काही गैर नाही. पण मग शेजारणीला "मैफलीत वाजवतात" असं सांगू नये.

परवा ताईचा फोन आला. पैसे भरले म्हणाली, जूनचे आगाऊच. गुरुवारी सर आले तेव्हा तिने आलं घालून चहा टाकला, चकली काढली. तास संपल्यावर सरांनी पेटी झाकली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चहा नको काकू, साडेसहाला बावधनला पोचायचंय." ताईने मला हे तक्रार म्हणून सांगितलं.