‘पत्ते कुटणारे’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

ब्रिज या पत्त्यांच्या डावाला खेळ माना, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘तालमींच्या कोल्हापुरात बसून पत्ते कुटणाऱ्यांना खेळाडू म्हणतोस? घाम न गाळता कसला खेळ? पानं नशिबाची, आणि शेवटी सगळा जुगारच.’

आधी ‘म्हणतोस’बद्दल. मी ६१ वर्षांचा आहे आणि आपली ओळख नाही. कोल्हापुरात अरे-तुरे चालतं, पण ते कट्ट्यावर शेजारी बसलेल्याशी, प्रेमानं. आणि ‘कुटणारे’? ज्यांनी उभं आयुष्य या खेळाला दिलं, त्यांच्यासाठी हा शब्द वापरताना जरा तरी थांबायचं होतं.

एक चूक मान्य. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजच्या पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकणारे दोघेही साठीचे, असं मी लिहिलं होतं. प्रणब बर्धन ६० वर्षांचे होते, शिबनाथ सरकार ५६. दुरुस्ती केली आहे.

आता घाम. तो मला शिकवू नका. सातवीपासून सहा वर्षं पहाटे साडेचारला मी तालमीत असायचो. जोर-बैठका मारल्या, लाल मातीत घोळलो, गुडघा गेला तेव्हाच थांबलो. मग वडिलांनी हातात पानं दिली. तासन् तास बोली लक्षात ठेवायची, पडलेलं प्रत्येक पान मोजायचं, भिडूच्या उतारीवरून त्याच्याकडे काय उरलंय ते ताडायचं. कुस्तीनंतर झोप तरी लागायची हो! स्पर्धेतून आलो की चुकीचं टाकलेलं एक पान पहाटेपर्यंत डोळ्यांपुढून हलायचं नाही. दोन्ही केलंय, म्हणून बोलतोय. तुम्ही यातलं काय केलंय?

आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, तेव्हा त्याचा घाम कुणी मोजला होता का? गुडघ्यावर बसून, पालथं पडून, उभं राहून. अंग जितकं स्थिर तितका नेम पक्का. तेव्हा सगळ्या जिल्ह्याची छाती फुगली, माझीही. मग पत्त्यांच्या टेबलावर आल्यावरच घाम कुठून आठवतो? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं तर ब्रिजला १९९९ मध्येच खेळ म्हणून मान्यता दिली.

नशिबाचं उत्तर लेखात होतं, तुम्ही वाचलं नसावं : स्पर्धेत तीच पानं टेबलाटेबलावर फिरतात आणि त्याच पानांवर दुसऱ्यांनी काय केलं, याच्याशी तुमची तुलना होते.

जुगाराबद्दल वाद घालणार नाही. माझे वडील चाळीस वर्षं ब्रिज खेळले, कधी एक रुपया लावला नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण ‘तुम्ही’ म्हणून.