शेवटच्या दिवसाची तारीख घरच्या घरी

जगाचा अंत कधी होणार हे दुसऱ्यानं सांगावं आणि आपण मान डोलवावी, ही काही बरी गोष्ट नाही. तारीख घरीही निघते. सामान फार लागत नाही: एक बायबल, एक दोनशेपानी वही, पेन्सिल आणि मोठा खोडरबर. पेन घेऊ नका, का ते पुढे कळेल. गणित चौथीपर्यंतचं पुरतं. इब्री आणि ग्रीक येत नसेल तर फारच उत्तम, हात मोकळा राहतो.

आधी वाटेतला धोंडा बाजूला करा. मत्तय २४:३६ सांगतं की तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. नवशिका इथेच वही मिटतो. तुम्ही मिटू नका. वचनात दिवस आणि घटका आहे, महिना आणि वर्ष कुठे आहे? पूर्वी नासात काम केलेल्या एडगर व्हिझनंट या अमेरिकी अभियंत्यानं याच फटीतून वाट काढली आणि ११ ते १३ सप्टेंबर १९८८ असा पट्टा जाहीर केला. एकच दिवस दिला तर वचनभंग, तीन दिवस दिले की शास्त्रशुद्ध. १९८८ कुठून आलं? १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र उभं राहिलं, दोन वचनं आधी ‘ही पिढी’ असे शब्द आहेत, आणि पिढी म्हणजे चाळीस वर्षं. चाळीस उलटून गेली तरी घाबरू नका. स्तोत्र ९० मध्ये माणसाचं आयुष्य सत्तर आणि शक्ती असल्यास ऐंशी वर्षं दिलेलं आहे, म्हणजे पिढी २०२८ पर्यंत ताणता येते. तेही गेलं तर यरुशलेम इस्राएलच्या ताब्यात आलं ते १९६७ साल पकडून मोजणी पुन्हा सुरू.

आता खरं काम. आकडा ग्रंथातच असतो, तो हलत नाही. हलवायच्या असतात त्या दोन गोष्टी: मोजायला कुठून लागायचं आणि माप कोणतं धरायचं. दानीएल ८:१४ मध्ये २३०० संध्याकाळ व सकाळ आहेत, त्या सरल्या की पवित्रस्थान शुद्ध होणार, म्हणजे अंत. गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ यांच्या आधारानं एक दिवस म्हणजे एक वर्ष धरा. सुरुवात इ. स. पूर्व ४५७, एज्रा या यहुदी याजकाला पारसी राजाचा हुकूम मिळाला ते साल. २३०० वजा ४५७ बरोबर १८४३. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर या शेतकऱ्यानं हेच गणित मांडलं आणि हजारो लोक तयारीला लागले.

इथे चूक कुठे होते ते नीट पाहा, कारण ती सगळ्यांचीच होते. इ. स. पूर्व १ संपलं की थेट इ. स. १ लागतं, मध्ये शून्य साल नाही. म्हणजे उत्तर एका वर्षानं पुढे, १८४४. मग महिना कोणता? पवित्रस्थान शुद्ध होण्याचा दिवस म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याची दशमी. पण त्या वर्षी यहुद्यांच्या चालू पंचांगात ती २३ सप्टेंबरला पडली होती, आणि यहुद्यांतल्याच कराईत पंथाच्या गणनेनं २२ ऑक्टोबरला. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांचा अधिक महिना जुळला नाही की कुणाचे गणपती महिनाभर आधी बसतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला फोड करून सांगायला नको. पंचांग निवडताना नियम एकच: जे पुढची तारीख देतं ते जास्त प्राचीन.

शून्य सालाचा हा घोळ उलट बाजूनंही मिटवता येतो. यहोवाच्या साक्षीदार पंथाचा मूळ पुरुष चार्ल्स टेझ रसेल आणि त्याच्या अनुयायांनी दानीएल ४ मधले ‘सात काळ’ घेतले, ३६० नं गुणून २५२० वर्षं केली, इ. स. पूर्व ६०६ पासून मोजली आणि १९१४ काढलं. पुढे शून्य सालाची आठवण झाली. मिलरच्या लोकांनी शेवट एक वर्ष पुढे ढकलला होता. इथे १९१४ ला महायुद्ध झालेलं, ते साल सोडवेना, म्हणून १९४३ मध्ये सुरुवात एक वर्ष मागे नेली, ६०७. त्या काळाचे इतिहासकार यरुशलेमचा पाडाव ५८७ किंवा ५८६ चा मानतात. पण वीस वर्षांसाठी कुठे हुज्जत घालत बसता?

मापाबद्दलही थोडं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ४२ महिने आणि १२६० दिवस एकच धरलेत, म्हणजे महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० चं. स्कॉटलंड यार्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट अँडरसन यांनी दानीएल ९ मधल्या सत्तर सप्तकांपैकी (सप्तक म्हणजे सात वर्षं) ६९ सप्तकं या मापानं मोजली. ६९ गुणिले ७ गुणिले ३६० म्हणजे १,७३,८८० दिवस, इ. स. पूर्व ४४५ च्या १४ मार्चपासून इ. स. ३२ च्या ६ एप्रिलपर्यंत, येशू यरुशलेमात शिरला त्या झावळ्यांच्या रविवारी बरोबर मुक्कामाला. क्रुसाचं साल बहुतेक अभ्यासक ३० किंवा ३३ धरतात, ही तक्रार किरकोळ समजा. खरी गंमत उरलेल्या एका सप्तकात आहे. एकोणसत्तरावं संपल्यावर लगेच सत्तरावं यायला हवं. ब्रदरन पंथाचे जॉन नेल्सन डार्बी यांच्या परंपरेत घड्याळ तिथेच थांबवलेलं आहे आणि ते अजून थांबलेलंच आहे. ४९० वर्षांच्या हिशेबात जवळपास दोन हजार वर्षांची मोकळी जागा. बिल्डरलासुद्धा एवढा एफएसआय मिळत नाही.

प्रकटीकरणातल्या श्वापदाचा ६६६ हा आकडा तर हाताशी ठेवाच. मायकेल श्टिफेल या धर्मसुधारक ल्यूथरच्या मित्राची रीत शिकण्यासारखी आहे. पोप ‘लिओ डेकिमुस’ यांच्या लॅटिन नावातली रोमन अंकांची अक्षरं उचला: एल ५०, डी ५००, सी १००, आय १, एम १०००, व्ही ५. बेरीज १६५६. जास्त झाली? एम म्हणजे ‘मिस्टेरियम’, गूढ, ते मोजायचं नसतं. राहिले ६५६. कमी पडले? हा दहावा लिओ, दहा मिळवा. बरोबर ६६६. याच श्टिफेलनं १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ वाजता अशी वेळ दिली होती. आठ वाजले, नऊ वाजले, नंतर त्याला अटक झाली. पुढे तो नावाजलेला बीजगणिती झाला, म्हणजे सराव वाया जात नाही. पुष्कळ विद्वान सांगतात की इब्रीत ‘नेरोन केसर’ लिहिलं तर ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २०० मिळून काहीही न काढता-घालता ६६६ होतात, आणि शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६, जो आकडा काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच आहे. पण नीरो इ. स. ६८ मध्येच वारला. मेलेल्या माणसाला श्वापद ठरवून उपासनेनंतरच्या चहाला रंग भरत नाही.

त्या चहाला वाद होणारच, तेव्हा प्रतिपक्षाची माहिती हवी. प्रकटीकरण ९ मधले टोळ काढा. एक म्हणेल हे पहिल्या शतकातलं, इ. स. ७० च्या वेढ्याच्या वेळचं. दुसरा म्हणेल पाच महिने म्हणजे १५० वर्षं, हे अरबांचे घोडेस्वार. तिसरा हेलिकॉप्टर म्हणेल. चौथा म्हणेल टोळ म्हणजे पाप, आणि सगळे त्याच्यावर नाराज होतील, कारण त्यात तारीखच नाही. प्रकटीकरण २० मधली हजार वर्षं एकाला शब्दशः हवीत, पण सात डोक्यांचं श्वापद नको. दुसऱ्याला ‘समय जवळ आला आहे’ हे शब्दशः हवं, पण तारे पृथ्वीवर पडलेले नकोत. संत ऑगस्टीननं हजार वर्षं म्हणजे मंडळीचाच काळ असं म्हणून जवळपास सोळा शतकांपूर्वी विषय मिटवला होता, आणि मिटलेला विषय कुणालाच आवडत नाही. विश्वासणाऱ्यांचं मेघारूढ होऊन उचललं जाणं महासंकटाच्या आधी, मध्यात की शेवटी, हा प्रश्न जेवणानंतर काढा, आधी काढलात तर जेवण राहतं.

आणि तारीख चुकली तर? ‘तर’ कसलं, ‘चुकल्यावर’ म्हणा. तारीख बरोबर होती, घटना ओळखण्यात गफलत झाली, असं सांगायचं. मिलरपंथीयांनी धरलेला २२ ऑक्टोबर कोरडा गेल्यावर २३ ऑक्टोबर १८४४ च्या सकाळी हायरम एडसन हा त्यांच्यातलाच एक मक्याच्या शेतातून जाताना त्याला उमगलं की शुद्ध व्हायचं पवित्रस्थान पृथ्वीवरचं नव्हे, स्वर्गातलं. स्वर्गात जाऊन तपासणार कोण? त्या विचारातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे, आणि तारखा काढणं त्यांनी केव्हाच सोडलं. अमेरिकी रेडिओ प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी ५, १० आणि १७ यांचा गुणाकार ८५०, त्याचा वर्ग ७,२२,५०० दिवस, असं करून क्रुसापासून २१ मे २०११ गाठली. २२ मे उजाडल्यावर त्यांनी न्याय आध्यात्मिक रीतीनं झाला असं सांगून २१ ऑक्टोबर दिली. मिलरनं आपली चूक सरळ कबूल केली होती, कॅम्पिंग यांनीही २०१२ मध्ये केली. असला सरळपणा या धंद्याला परवडत नाही.

घाई नसेल तर न्यूटनचं साल घ्या. त्यानं इ. स. ८०० या सालात १२६० मिळवून २०६० काढलं आणि लिहून ठेवलं की अंत त्याहून उशिरा होऊ शकेल, लवकर होण्याचं कारण दिसत नाही. हे लिहिण्यामागे तारखा काढणाऱ्यांची तोंडं बंद करण्याचा त्याचा हेतू होता, तेवढं वाक्य गाळा.

शेतीवाल्यांसाठी एक सूचना. १८४४ च्या त्या हंगामात न्यू हॅम्पशायरमधल्या एका मिलरपंथी शेतकऱ्यानं, अंत येतोच आहे तर काढायचे कशाला, म्हणून बटाटे जमिनीतच ठेवले, असं ॲडव्हेंटिस्ट लोक सांगतात. शेजाऱ्यांनी वेळेवर काढलेले बटाटे रोगानं सडले. याचे जमिनीत शाबूत राहिले आणि पुढे चांगल्या भावानं गेले. तेव्हा तारीख ऑक्टोबरातली निघाली तर मजूर सांगू नका.