‘अजून एप्रिलच आहे’ म्हणणाऱ्यांनो

आज पुन्हा तेच. तिन्ही बेसवर आमची माणसं उभी, एकही आऊट नाही, आणि आमच्या मरिनर्सना, म्हणजे सिएटलच्या बेसबॉल संघाला, त्यातून मिळालेल्या धावा शून्य. एक स्ट्राइकआऊट (तीन चांगले चेंडू वाया घालवून बाद), मग एक झेल सरळ वर उडवलेला, मग पुन्हा स्ट्राइकआऊट. शेवटच्याने तर बॅट खांद्यावरून हलवायचेही कष्ट घेतले नाहीत. मी टीव्ही बंद केला, भांडी घासली, परत लावला. बायकोचं म्हणणं आहे की मरिनर्स हरत असले की आमच्या कढया चकचकीत होतात.

एवढ्यात मित्राचा मेसेज. "रिलॅक्स रे, अजून एप्रिलच आहे. मोसमात १६२ मॅचेस असतात!"

तर आजची ही पोस्ट फक्त त्या वाक्यासाठी.

गेल्या वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, बाबा कोल्हापूरहून पहिल्यांदा सिएटलला आले होते. बेलव्ह्यूहून ५५० नंबरच्या बसने त्यांना मॅचला नेलं. कानटोपी, मफलर, वरून माझं जाड जॅकेट. आमच्या मैदानाला सरकतं छप्पर आहे, पण ते म्हणजे नुसती छत्री. पाऊस अडतो, गारठा नाही. बाबांना बेसबॉलमधलं काही कळत नाही, पण घरात आम्ही क्रिकेटवाल्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ धावांवर वाढलो. १९४८, पुणे, समोरच्या काठियावाडने मॅचच सोडून दिली आणि ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी पडल्या. ही गोष्ट बाबा अजून अशी सांगतात, जणू तो कप्तान काल संध्याकाळी निघून गेला. अशा माणसाने नऊपैकी पाच इनिंग निमूट पाहिल्या, लसणाचे फ्राइज खाल्ले, भाजलेले टोळ विकायला ठेवलेत म्हटल्यावर हात जोडले, आणि सहाव्या इनिंगला मला विचारलं, "आरं, ह्यास्नी बॅट कशाला दिलीया?"

मी हसलो. मॅच हरलो. बसमध्ये मी त्यांना तेच सांगितलं, बाबा, अजून एप्रिलच आहे.

पुढे काय झालं ते इथल्या सगळ्यांना पाठ आहे. ८८ विजय. टोरोंटोचे ८९, शेवटची जागा त्यांना. प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, एका मॅचने हुकला. एका! मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे आपण बघिटली ती धरून?"

ह्याला काय उत्तर आहे सांगा. एप्रिलमधला पराभव स्वस्तात मिळतो का? सप्टेंबरमध्ये तोच दुप्पट मोजतात का? एक म्हणजे एकच ना?

आणि त्यानंतर आमचे कारभारी जेरी डिपोटो काय बोलले, तर दहा वर्षांत सरासरी ५४ टक्के मॅचेस जिंकत राहिलात की वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी, गाठता येते, चाहत्यांनी धीर धरावा. अहो, १६२ मधल्या ८८ म्हणजे ५४ टक्केच झाले की! ते करूनच घरी बसलो ना आपण? धीर कुणाला शिकवताय? हा संघ १९७७ पासून खेळतोय आणि तीस संघांत वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला एकटा हाच उरलाय. २००१ मध्ये ११६ जिंकून नाही गेलो. त्यानंतर प्लेऑफ दिसायला २०२२ उजाडलं. धीर आमच्याकडे गोदामात भरून ठेवलाय, धावा पाठवा.

मग हिवाळ्यात कारभाऱ्यांना वाटलं, आपले स्ट्राइकआऊट फार होतात. म्हणून सुआरेझला ॲरिझोनाला पाठवलं, तेओस्कारला जाऊ दिलं. ते दोघे हवेत बॅट फिरवायचे, मान्य, पण लागला की चेंडू स्टँडमध्ये जायचा. आता हवेत फिरवणारे आहेतच, स्टँडमधले चेंडू तेवढे गेले. खरं कारण सगळ्यांना माहितीये. मालकांना खिशात हात घालायचा नाही.

बरं, मैदान अवघड आहे, हे कबूल. थंड हवेत चेंडू लांब जात नाही, एप्रिलमध्ये तर जास्तच. पण पाहुणेही त्याच हवेत खेळतात ना?

मला खरा राग येतो तो आमच्या पिचर्सकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांकडे बघून. कॅस्टिलो, गिल्बर्ट, कर्बी. कर्बी तर फुकटचा बेस (चार चेंडू बाहेर गेले की समोरच्याला मिळणारा) असा देतो, जणू स्वतःच्या पगारातून कापून जाणार आहे. आणि ह्या पोरांना आम्ही काय देतो? दोन धावा. कधी एक. घरात एकाने राबायचं आणि बाकीच्यांनी बॅट खांद्यावर टाकून उभं राहायचं, असली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. नावं घेत नाही.

आमचा स्टार बॅटर हुलिओ रॉड्रिगेझ हळू सुरुवात करतो, तेही ठाऊक आहे. गेल्या ऑगस्टमध्ये ह्याच पोराने चार मॅचेसमध्ये सतरा हिट मारल्या होत्या. त्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये कुणाशीही भांडलो नव्हतो. म्हणून त्याला काही बोलवत नाही माझ्याच्याने.

हे लिहीपर्यंत मॅच संपली. हरलो. राग खरं तर तिसऱ्या परिच्छेदातच निम्मा झाला होता, पण आता सुरू केलंय तर पोस्ट करतो.

आमची संध्याकाळी ६:४० ची मॅच कोल्हापुरात सकाळी ७:१० ला सुरू होते. बाबा चहाबरोबर फोनवर स्कोअर बघतात, मग फिरायला जातात. नियम अजून अर्धेच कळतात त्यांना. आत्ता त्यांचा मेसेज आलाय, "आज बी नाही? मफलर घालून बसलास का न्हाई?"

उद्या कर्बी आहे. दोन तिकिटं काढलीत. बायको येत नाही म्हणते, कुणी येणार असेल तर कळवा. फ्राइज माझ्याकडून.